दोन खोल्यांना हॉटेलाचे माप नको

पावसाने जोर धरला की अमरावती-अकोल्याच्या मोटारी परतवाड्याहून घाट चढू लागतात. सुमारे 1100 मीटर उंचीवरील चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण. शनिवार-रविवारी हॉटेले भरली की माणसे गावातील घरांची दारे ठोठावतात. ज्या गृहस्थाने मागच्या दोन खोल्या रंगवून पाहुण्यांसाठी राखल्या आहेत, त्याच्या मुलांची फी याच हंगामातून निघते. पर्यटक-निवासांच्या नियमांचा विचार करताना हा गृहस्थ प्रथम डोळ्यांसमोर असावयास हवा.

नियमच नकोत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मेळघाट हे 1973-74 साली देशात निवडलेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. त्याच्या कुशीतील गावाने सांडपाणी आणि कचरा दरीत लोटून चालणार नाही. धो धो पावसाच्या या गावाला उन्हाळ्यात पाण्याची चिंता असतेच. पाहुण्याची नोंद ठेवणे हेही काही नवे जाच नव्हे. 1867 च्या सराई कायद्यानेसुद्धा सराईवाल्यावर नोंदणीचे बंधन घातले होते.

प्रश्न आहे तो मापाचा. केंद्र सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या आणि त्याच घरात मालकाचे वास्तव्य, अशी अट आहे. हीच व्याख्या शहाणपणाची होय. जो पाहुण्याच्या शेजारच्या खोलीत झोपतो, त्याला गोंगाट आणि घाण यांचा त्रास पहिल्याने होतो. त्याच्यावर पहारा ठेवण्याची गरजही तितकीच कमी. परंतु निरनिराळ्या कार्यालयांचे परवाने आणि दाखले मागताना हा फरक पुसला गेला, तर मोठा हॉटेलवाला वकील व कारकून नेमून ते काम उरकतो. दोन खोल्यांचा मालक मात्र खेटे घालून थकतो आणि अखेर पाटी उतरवून चोरून खोली देऊ लागतो. मग नियमही बुडतो आणि महसूलही.

करांची गोष्ट पाहा. दिवसाला हजार रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीला असलेली वस्तू व सेवा कराची माफी 18 जुलै 2022 पासून गेली. सप्टेंबर 2025 मध्ये दर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, हे बरे झाले. तथापि वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या मालकाचीही खोली मोबाइलवरील आरक्षण-मंचामार्फत गेली, की पाहुण्याच्या बिलावर कर चढतोच.

सबब आमची सूचना अशी : सहा खोल्यांपर्यंतच्या, मालक राहत असलेल्या घरांसाठी नगरपरिषदेने एकच अर्ज व एकच खिडकी ठेवावी. घरपट्टी आणि वीजदर घरगुतीच राहावेत. शौचकूप, सांडपाणी, आग विझविण्याचे साधन व पाहुण्यांची वही यांची तपासणी मात्र कसोशीने व्हावी. हेच धोरण नरनाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या खेड्यांनाही लागू पडेल. याउलट, परगावी राहून चार बंगले भाड्याने देणाऱ्याने ‘घरगुती निवासा’ची पाटी लावली, तर त्याला हॉटेलाचेच नियम लावावेत.

डोंगर राखावयाचा आहे, तसाच डोंगरावरचा माणूसही. वरच्या गावात शेवटी मोठी हॉटेलेच उरली, तर चिखलदरा वऱ्हाडातील मध्यमवर्गीय कुटुंबालाही परवडणार नाही.