बेभरंवशाचा सूर्य

सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज बेभरंवशाची असते, हें मत आपल्याकडील सुशिक्षितांत अलीकडे फार प्रतिष्ठा पावलें आहे. सूर्य मावळतो, वारा पडतो, पावसाळ्यांत आठ-आठ दिवस आकाश झांकोळलेलें असतें. सबब ज्याला कारखाने व रुग्णालयें चालवावयाचीं आहेत त्यानें कोळशाचाच आश्रय धरिला पाहिजे, असा या मताचा सारांश आहे. यांतील पहिलीं तीन विधानें इतकीं निर्विवाद आहेत कीं, त्यांच्या जोरावर चौथेंही सिद्ध झालें असें ऐकणाऱ्यास वाटूं लागतें. आमच्या मतें तें सिद्ध होत नाहीं. कारण भरंवसा हा मुळीं इंधनाचा गुण नव्हे, तो व्यवस्थेचा गुण आहे.

ज्या विजेला हे लोक भरंवशाची म्हणतात तिचेंच चरित्र प्रथम पाहूं. ता. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं लागोपाठ दोन दिवस उत्तर हिंदुस्थानचें विजेचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं पूर्व व ईशान्य भागही त्यांत ओढले गेले आणि साठ कोटींहून अधिक वस्तीच्या प्रदेशाचा पुरवठा बंद पडला. आगगाड्या मार्गांतच थांबल्या. त्या काळीं देशाच्या विजेंत सूर्याचा वांटा नगण्य होता. अनर्थास आरंभ झाला तो भारानें टेकीस आलेली बीना-ग्वाल्हेर वाहिनी सुटल्यामुळें. ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईच्या लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या, त्यालाही कारण ढग नव्हते. शहरास वीज आणणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्यें तर देशांतील कित्येक औष्णिक केंद्रांत चार दिवस पुरेल इतकाही कोळसा उरला नव्हता. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत फेब्रुवारी २०२१ च्या थंडींत वीज गेली व दोनशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. दोष तात्काळ पवनचक्क्यांच्या माथीं मारण्यांत आला. कांहीं चक्क्या गोठल्या होत्या हें खरें. पण बंद पडलेल्या केंद्रांत सर्वांत मोठा वांटा नैसर्गिक वायूवर चालणाऱ्यांचा होता.

प्रतिपक्ष म्हणेल कीं, हे अपघात होत. सूर्य मात्र रोजच मावळतो. पण रोज ठरल्या वेळीं घडणाऱ्या गोष्टीस बेभरंवशाची म्हणणें हा भाषेचा विपर्यास आहे. सूर्यास्ताची वेळ पंचांगांत वर्षभर आधीं छापलेली असते. बॉयलरची नळी कोणत्या रात्रीं फुटेल हें कोणत्याही पंचांगांत सांपडत नाहीं. वारा व ढग यांचें तसें नाहीं हें मान्य. परंतु त्यांचाही अंदाज आदल्या दिवशीं बांधून इतर केंद्रांचें वेळापत्रक आंखणें हें आज वीजव्यवस्थेचें नित्याचें काम झालें आहे. जो खंड आधीं ठाऊक असतो त्याची तरतूद करतां येते. ती ज्यानें केली नाहीं त्यानें सूर्यास बोल लावणें म्हणजे मृगापूर्वीं घर न शाकारणाऱ्यानें पावसाला शिव्या देणें होय.

शिवाय भरंवशाची म्हणजे कोणाच्या भरंवशाची, हेंही विचारावयास नको काय? महाराष्ट्रांतील शेतीपंपांना वर्षानुवर्षें पाळीपाळीनें वीज मिळत आली. कांहीं दिवस दिवसां, कांहीं दिवस रात्रीं. शहरांची मागणी ओसरल्यावर शेतकऱ्यानें विंचूकाट्यांत, आणि जुन्नरसारख्या भागांत बिबट्याच्या भीतींत, मध्यरात्रीं दारें धरावयाचीं, यालाच व्यवस्था म्हणत. भारनियमनाच्या वर्षांत तर शहरांतील दिव्यांचा भरंवसा खेड्यांतील अंधारावर उभा होता. पंपांना दिवसां वीज मिळावी म्हणून २०१७ सालीं राज्य सरकारनें सौर कृषी वाहिनी योजना काढली, ती याच 'बेभरंवशाच्या' सूर्याच्या आधारानें. ज्याला रात्रीं पाणी द्यावें लागलें आहे, त्याला दिवसांच्या विजेचें मोल कोणी शिकवावयास नको.

याच न्यायानें सौरपक्षाच्या भक्तांचेही कान उपटले पाहिजेत. इतके मेगावॅट उभे केले, अशी द्वाही फिरविणारे हें सांगत नाहींत कीं, तो आंकडा भर उन्हांतील कमाल शक्तीचा असतो. वर्षाची सरासरी काढली तर ती त्याच्या पंचमांश-चतुर्थांशाच्या आसपास भरते. ता. २८ एप्रिल २०२५ रोजीं स्पेन व पोर्तुगाल हे देश भर दुपारीं, लख्ख ऊन असतांना, विजेवांचून राहिले. स्पॅनिश सरकारच्या चौकशींत आढळलें तें असें: वाढता विद्युद्दाब आवरण्यास पुरेशीं केंद्रें त्या दिवशीं सज्ज ठेवलेलीं नव्हतीं, जीं होतीं त्यांनीं अपेक्षिलेलें काम पुरें केलें नाहीं, आणि सौरकेंद्रांकडे तें काम सोंपविणारा नियम तेव्हां अंमलांत नव्हता. सूर्यानें आपलें काम केलें होतें. माणसांनीं आपलें केलें नव्हतें. आपल्या कितीतरी गावांत बॅटरी न बदलल्यामुळें मुके झालेले सौरदिवे खांबांवर उभे आहेत, तेही हीच साक्ष देतात.

साठवणीची विद्या आपणांस अपरिचित आहे असेंही नाहीं. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथें २५० मेगावॅटचें केंद्र आहे. वीज उरते त्या वेळीं तें खालचें पाणी वर चढवितें आणि टंचाईच्या वेळीं तेंच पाणी खालीं सोडून वीज परत देतें. अशीं केंद्रें, बॅटऱ्या, सुस्थितींतील वाहिन्या व त्यांची देखभाल करणारीं माणसें यांवर खर्च न करतां केवळ पत्रे मांडीत सुटणें हें कोळशाच्या भक्तीइतकेंच आंधळें आहे.

म्हणून यापुढें कोणीही, कोळशाचा असो वा सूर्याचा, भरंवशाची भाषा बोलूं लागला कीं त्यास तीन प्रश्न विचारावेत: खंड पडेल तेव्हांची तरतूद काय? देखभालीचा पैसा कोणत्या खात्यांत ठेवला आहे? आणि वीज अपुरी पडली तर अंधार प्रथम कोणाच्या घरीं जाणार? यांचीं उत्तरें जो देईल त्याची वीज भरंवशाची. मग ती कोठूनही येवो.