पाय वाचवायचा तर आधी घोट्याचा बीपी मोजा

चालताना पोटरीत गोळा येतो, जरा थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. घरात याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. पण पायाच्या रक्तवाहिन्या आतून चोंदू लागल्याचा हा इशारा असू शकतो. पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणजेच पीएडी हा आजार जगात २० कोटींहून अधिक लोकांना आहे, आणि अनेकांना तो असल्याची कल्पनाही नसते. शुगरमुळे पाय बधिर झाले असतील तर दुखणंच कळत नाही; कळते ती थेट न भरणारी जखम.

म्हणूनच रक्ताच्या थेंबातून हा आजार पकडण्याच्या प्रयत्नांकडे डॉक्टरांचं लक्ष आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन वाढलेलं दाखवलं. नंतर कॅनडात टोरांटो येथे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या एफएबीपी-३ वर काम झालं. सीआरपी, फायब्रिनोजेन, डी-डायमर ही नावं तर लॅबच्या रिपोर्टवर नेहमीचीच.

अडचण अशी की यातलं एकही प्रथिन फक्त पायाचं नाही. किडनी कमजोर झाली की बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढतं, साध्या तापातही सीआरपी चढतो, एफएबीपी-३ हृदयाच्या स्नायूतूनही येतं. धूर दिसतो, पण चूल कुणाची पेटली ते कळत नाही. आणि ज्यांना पीएडीचा धोका जास्त, त्या जुन्या मधुमेहींमध्येच किडनी-हृदयाची दुखणी जास्त.

अमेरिकन हृदयरोग संस्थांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली तपासणी जुनीच आहे: घोट्याचा बीपी भागिले दंडाचा बीपी. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर पीएडी. लागतं काय, तर बीपीचा पट्टा आणि हातात मावणारा डॉपलर. मधुमेहींच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा, १.४० च्याही वर जातो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. प्रथिनांचा खरा उपयोग इथे होऊ शकेल. शिवाय आजार ठरलेल्यांपैकी कुणाचा पाय किंवा हृदय जास्त धोक्यात आहे, हे सांगायलाही.

हा विषय आपल्या पट्ट्याला परका नाही. आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. निपाणीची ओळख तंबाखू आणि विडीची; आणि पायाच्या रक्तवाहिन्यांचा धूम्रपानाइतका मोठा वैरी दुसरा क्वचितच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने आक्षेप घेतला, वाद रंगला. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांची, म्हणजे पाय कापायची वेळ जवळ आल्यावरची.

त्याआधीचं काम गावातल्या आरोग्य केंद्राचं. केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील लोकांची शुगर, बीपी आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासतात. घोट्याचा बीपी त्या यादीत नाही. दंडाला बांधायचा पट्टा तिथे आहेच. तो घोट्याला बांधायचा आदेश आणि एक छोटा डॉपलर, एवढंच बेंगळुरू, पणजी आणि मुंबईकडून हवं आहे.