तोतयाची रजा

लिहायला बसलो की माझ्या पोटात गोळा येतो. आपण कोण? बी. कॉम., सेकंड क्लास. कुडाळच्या बँकेत नोटा मोजणारा माणूस. आपण कसले लेखक!

गणपतीला पुण्याहून भाचा आला. त्याने निदान केले, "मामा, तुम्हाला इम्पोस्टर सिंड्रोम झालाय." म्हणजे आपण तोतये आहोत, ही भीती. इतका भारदस्त आजार आमच्या घराण्यात आजवर कुणाला झाला नव्हता. मी लगेच लेखनातून आजारपणाची रजा घेतली आणि ती शिमग्यापर्यंत पुरवली.

आता स्पष्ट सांगतो, ती रजा खोटी होती.

भाऊसाहेबांचा तोतया आठवा. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे एक गृहस्थ "मीच तो भाऊ" म्हणत उभा राहिला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतले आणि त्याच वर्षी पुण्यात देहदंड भोगला. "आपण तोतया तर नाही ना?" या शंकेने त्याने कधी लढाई पुढे ढकलली असेल काय? खरा तोतया निःशंक असतो, म्हणून तर त्याचा धंदा चालतो!

या भीतीला नाव दिले ते पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी, १९७८ साली, कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास करून. "हे तुझे काम नव्हे" असे ज्यांना जन्मभर ऐकवले गेले, त्यांचे दुखणे खरे. मला कोण तसे म्हणाले होते? मला फक्त कंटाळा आला होता.

संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी भरली तर मी पुन्हा मोजतो, व्हाउचरे तपासतो. "मी मुळी कॅशियरच नव्हे" म्हणून गळा काढत नाही. हे वाक्य जुळते का, ही शंका लेखकाला हवीच. ती गेली की लेखक बुडाला. "मी कोण?" ही शंका मात्र बिनव्याजी ठेव. वर नम्रपणाचे सर्टिफिकेट फुकट!

याच कुडाळात चिं. त्र्यं. खानोलकर खानावळ चालवीत. लेखकाचा परवाना हाती येईपर्यंत ते थांबले असते, तर १९५९ चा 'जोगवा' आणि त्यापुढचे आरती प्रभू आपल्याला मिळाले असते काय? आमटी अळणी झाली तर मीठ घालायचे असते, चूल विझवायची नसते.

हा लेख सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मधलो भाग अळणी लागता."

रजेचा अर्ज लिहिला नाही. मधला भाग पुन्हा लिहिला. आता तुम्ही चाखून बघा.