चकलीचा घाणा किती मिनिटांचा?

फराळाविषयी या सदरात आजवर पुष्कळ लिहून झालं. चकली मऊ का पडते, चिरोट्याला पदर का सुटत नाहीत, अनारसा हसला तर काय करायचं, सगळं झालं. आज पुन्हा फराळाविषयीच सांगणार आहे, पण कृती नाही सांगणार. कृती माझ्या मोठ्या जाऊबाईंना माझ्यापेक्षा दसपट चांगल्या येतात. तरीही २०२४ च्या दिवाळीत त्यांच्यावर जी वेळ आली, ती कृती चुकल्यामुळे आली नव्हती.

वहिनी मुलुंड पूर्वेला राहतात. दादांची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनी घरच्या घरी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी बारा डबे, तेही निम्मे नात्यातलेच. मग डोंबिवली, घाटकोपर, ठाणे करत करत आकडा नव्वदीला पोचला. हौस म्हणून नव्हे, त्या पैशांवर पुतणीच्या कॉलेजची फी जाते. हे मुद्दाम सांगते, कारण "घरबसल्या काहीतरी करतात" असं म्हणणाऱ्यांना ते माहीत नसतं.

२०२४ साली वसुबारस २८ ऑक्टोबरला होती. नव्वद डबे, प्रत्येकात चारशे ग्रॅम चकली. वहिनींनी चकलीसाठी दीड दिवस ठेवला होता. त्यात २६ तारखेला एका कचेरीतून फोन आला, आणखी पंचवीस डबे हवेत. वहिनी "हो" म्हणाल्या. गिऱ्हाईक दाराशी आलं की नाही म्हणू नये, ही आमच्या सासूबाईंची शिकवण! २८ च्या रात्री दोन वाजता घरात भाजणी संपलेली, गिरणी बंद, मदतीच्या मावशी तापाने फणफणलेल्या, आणि उकळत्या तेलाचा शिंतोडा वहिनींच्या मनगटावर. गरम चकल्या तशाच पिशव्यांत भरल्या, त्या सकाळपर्यंत मऊ पडल्या. अनारसे आयत्या वेळी आठवले, पीठ मुरलंच नव्हतं, निम्मे हसले. कचेरीचे पंचवीस डब्यांचे पैसे परत करावे लागले. भाऊबीजेला आम्ही गेलो तेव्हा मनगटाला पट्टी होती आणि वहिनी म्हणत होत्या, "आता पुढच्या वर्षी बंद. पुरे झालं."

आमचे धाकटे दीर पवईच्या एका कंपनीत प्रोजेक्टची कामं बघतात. ते म्हणाले, "वहिनी, हे तर आमचं रोजचं काम. मी तुम्हाला प्रोजेक्ट मॅनेजमेंट बसवून देतो." आठ दिवसांनी ते लॅपटॉप घेऊन आले. रंगीत पट्ट्यांचा मोठा तक्ता होता, एकशे चाळीस ओळींचा. वहिनींनी तो शांतपणे बघितला आणि म्हणाल्या, "भाऊजी, चहा घ्या." तक्त्याचा विषय तिथेच मिटला. मला विचारलंत तर चूक भाऊजींची होती. कामाचा तक्ता करायचा आणि काम करणाऱ्या बाईला एक प्रश्नही विचारायचा नाही, असं कसं चालेल? मीही शाळेत अर्धवेळ शिकवते. वरून आलेलं वेळापत्रक कसं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पण पट्ट्यांची ती कल्पना मला सोडवेना. मी थोडं वाचलं. हा पट्ट्यांचा तक्ता हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखला जातो. शंभर वर्षांहून जुना आहे. डावीकडे कामं लिहायची, वर तारखा, आणि कुठलं काम कुठून कुठपर्यंत चालणार याची आडवी रेघ ओढायची. बस, इतकंच. पुढे १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठमोठ्या कारखान्यांनी आणि तिथल्या आरमाराने त्यात एक प्रश्न घातला: कुठलं काम संपल्याशिवाय कुठलं सुरूच होत नाही? अशा एकात एक अडकलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी असेल, तिच्यावर सगळ्या कामाची तारीख ठरते. बाकीची कामं कितीही झटपट उरका, उपयोग नाही.

आमचं सासर कुडाळचं, तेव्हा वहिनींना हे कोकण रेल्वेवरून लगेच पटलं. १९९० साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांनी सगळा मार्ग सात विभागांत वाटला, त्यात एक कुडाळ विभागही होता. सातही ठिकाणी कामं एकदमच चालली. तरी रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. का, तर गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ, भुसभुशीत माती लागली, खणावं तितकी ढासळायची. इकडे रूळ तयार, स्टेशनं तयार, पण तो बोगदा होईतो सगळं अडलेलं. "म्हणजे आपला पेडण्याचा बोगदा कुठला?" वहिनींनी विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, घड्याळ लावून बघू या.

श्रावणात एका रविवारी घरच्यासाठी चकल्या करायच्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "घाण्याला पाच मिनिटं लागतात, लिही." मावशी हसल्या. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवलं. सोऱ्याने पाडणं, तेलात सोडणं, मंद आचेवर तळणं, झाऱ्याने निथळणं, तेल पुन्हा तापणं. नऊ मिनिटं! दुसरा घाणा नऊ, तिसरा साडेनऊ. एका घाण्यात पाव किलो चकली. म्हणजे तासाला दीड किलो, आणि आठ तास उभं राहिलं तरी दिवसाला बारा. छत्तीस किलोला पुरते तीन दिवस हवेत, आणि आपण ठेवला होता दीड. पंचवीस डब्यांचा फोन आला नसता, तरी २०२४ चं काम वेळेत होणारच नव्हतं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आणि मी वर्षभर त्या कचेरीवाल्यांना बोल लावत होते."

या सगळ्यात मला राहून राहून लिज्जतच्या बायका आठवत होत्या. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण त्या गोष्टीतला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! लाटणाऱ्या हातांची कमी नव्हती, पिठाची नव्हती, अडत होतं ते फक्त वाळवण्यापाशी. तेवढ्याच जागी त्यांनी पैसा घातला. सुरुवातीला त्या चांगला आणि हलका असे दोन प्रतींचे पापड करायच्या. छगनबापा पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा, ती चांगली ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. सगळंच काही पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला होता. पण १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली, आणि पुढे काय झालं ते आपल्या ताटात दिसतंच.

तर आमची खाट आणि स्टोव्ह म्हणजे दुसरी शेगडी आणि दुसरी कढई. वहिनी आधी तयार नव्हत्या. भाड्याची शेगडी आणि कढई, जास्तीचा सिलिंडर आणि आणखी एका बाईची मजुरी, सगळं मिळून साडेसहा हजार होत होते. मी म्हटलं, नाहीतर डबे साठावर आणा. त्यावर त्या चिडल्या. "मला आता काम शिकवायला निघालीस का?" दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला: शंभर डबे घेणार, दोन कढया घेणार, पण कोजागरीनंतर एकही ऑर्डर नाही. ही शेवटची अट त्यांची, माझी नव्हे.

२०२५ ला वसुबारस १७ ऑक्टोबरला आली. आम्ही जुन्या कॅलेंडरची चार पानं उलटी चिकटवली आणि तिथून मागे मोजत आलो. १६ ला डबे भरायचे. १३ आणि १४ चकली. १५ कोरा. त्या कोऱ्या दिवसावरून घरात खूप चर्चा झाली, कारण रिकामा दिवस म्हणजे आळस असं आपल्या मनात असतं. १२ ला अनारसे तळायचे, म्हणजे तांदूळ दसऱ्याच्या रात्री, २ ला भिजत पडायला हवेत. तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, सावलीत सुकवणं, दळणं, गूळ घालून पीठ मुरवणं. हाताला काम म्हणाल तर दोन-तीन तासांचं, पण वाट बघायचे दिवस दहा. हेच आपण विसरतो. ज्या कामात राबायला फार लागतं ते लक्षात राहतं, ज्यात थांबावं लागतं ते राहत नाही. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू टिकतात, ते आधी. करंज्या मधे. पोहे उन्हात घालायचे होते आणि पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला होता, म्हणून चिवडा शेवटी ठेवला.

मास्तरीण आहे, त्यामुळे मी तक्ता पाच रंगांच्या पेनांनी लिहिला. सुंदर दिसत होता. मावशींनी चष्मा पुसून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, अक्षर मुंगीएवढं, आणि हिरवं कशाला ते मला काय कळणार?" मग एकाच काळ्या पेनने मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिला. प्रत्येक कामापुढे एकाच बाईचं नाव. दोन नावं लिहिली की दोघींनाही वाटतं, दुसरी बघेल. काम संपलं की जिचं नाव तिनेच फुली मारायची. माझी आणखी एक चूक मावशींनीच पकडली. "चकली गार कधी करायची? ते कुठे लिहिलंय?" लिहिलंच नव्हतं! ज्या कारणाने आदल्या वर्षी चकल्या मऊ पडल्या, नेमकं तेच मी विसरले होते. मग चकलीच्या रेघेपुढे आणखी एक छोटी रेघ आली: परातीत पसरून तीन तास, वर फक्त पातळ कापड.

सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं तिघी तक्त्यासमोर उभ्या राहायच्या. काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय. तेवढंच. माझी सकाळची शाळा असल्याने मी फोनवरून हजर.

आणि तरीही अडलंच. १३ ला सकाळी निम्मी भाजणी गिरणीतून आली आणि गिरणीचा पट्टा तुटला. उरलेली भाजणी १४ ला दुपारी हातात पडली. आदल्या वर्षी असती तर रडारड झाली असती. वहिनींनी तक्त्यावर चकलीची रेघ १५ च्या कोऱ्या चौकोनात लांबवली, आणि त्या दिवशी रिकाम्या हातांनी शंकरपाळ्यांच्या पिशव्या वजन करून भरून टाकल्या.

१४ च्याच संध्याकाळी फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक, पहिल्या बारा डब्यांपैकी एक. पंधरा डबे हवे होते, लेकीच्या सासरी द्यायला. मी तिथेच होते. वहिनी फोन कानाला लावून उठल्या, तक्त्यासमोर गेल्या, बोटाने रेघांवरून गेल्या. सासूबाई भिंतीवरच्या फोटोतून बघत होत्याच. "शंकरपाळे आणि लाडू देते हो, मनापासून देते. चकली नाही जमायची. मऊ चकली तुमच्या व्याह्यांकडे पाठवायला मला आवडणार नाही." पलीकडून क्षणभर शांतता, मग "बरं, तसं द्या." फोन ठेवल्यावर वहिनींचे हात थरथरत होते. पहिल्यांदाच नाही म्हणाल्या होत्या.

शंभरच्या शंभर डबे १७ आणि १८ ला पोचले. तीन जणांनी करंज्या मोडल्याची तक्रार केली; त्या भरण्याच्या दिवशी घाई झाली होती, तिथे अजून सुधारायला हवं. साडेसहा हजार वजा जाऊनही हातात आदल्या वर्षापेक्षा जास्त उरले, आणि पुतणीची फी एका हप्त्यात भरली. मजुरी मावशींना भाऊबीजेच्या आधी मिळाली, यंदा प्रथमच.

भाऊजींनी लॅपटॉपमधला तक्ता पुन्हा एकदा दाखवायचा प्रयत्न केला. वहिनींनी त्यांना शंकरपाळे दिले.

कॅलेंडरची ती चार पानं स्वयंपाकघराच्या दारामागे अजून आहेत. खाली कोपऱ्यात वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय: घाणा नऊ मिनिटे. गार तीन तास. करंजी भरायला दोघी. गिरणीवाल्या काकांना महिनाभर आधी सांगणे, गव्हावर दळू नका.