तेलाला उजेड दाखवू नका

नागभीडकडच्या बांध्यांत उभ्या धानातच उतेऱ्याचे जवस फेकण्याची रीत जुनी आहे. धानामागून जवस घरी येते, घाण्यावरून तेल निघते, आणि महिना-दीड महिन्यात घरातून ओरड होते, ‘तेल खवट झाले!’ भगिनींनो, घाणेवाल्याला बोल लावण्याआधी बाटली कुठे ठेवली आहे ते पाहा. खिडकीत, पांढऱ्या काचेच्या बाटलीत असेल तर चोर तिथेच सापडला.

हवेने तेल खवटते हे तुम्हांला ठाऊकच आहे. उजेडाची करणी मात्र निराळी. घाण्याच्या तेलात पानांतल्यासारख्या हिरव्या रंगाचा थोडा अंश उतरलेला असतो. हा रंग उजेड शोषतो आणि तेलात मुरलेल्या प्राणवायूला चेतवतो. करडई, सूर्यफूल, तीळ यांच्या तेलांत लिनोलेइक नावाचे आम्ल असते. त्याला हा चेतलेला प्राणवायू साध्या प्राणवायूपेक्षा सुमारे दीड हजार पट वेगाने धरतो. आणि एकदा का सुरुवात झाली, की पुढे बाटली अंधारात नेऊनही बिघाड चालूच राहतो.

त्यात जवसाचे तेल सगळ्यांत नाजूक. त्यातला निम्म्याहून अधिक भाग प्राणवायूला फारच लवकर भुलतो. म्हणून तर रंगवाले ते वापरतात. पातळ थर दिला की हवेने वाळून कडक होतो. थंडीत थिजणारे मोहाच्या टोळीचे तेल त्यामानाने सोशिक. तुपाचेही ऐका: उजेडात त्याचा पिवळेपणा उडतो, सोबत अ जीवनसत्त्वही जाते.

तेव्हा जवस एकदम गाळून आणू नका. बी टिकते, तेल टिकत नाही. तेल चिनी मातीच्या बरणीत किंवा बिनगंजाच्या डब्यात, गळ्यापर्यंत भरून, चुलीपासून दूर ठेवा. तांब्या-पितळेत मुळीच नको. रोजच्यापुरते लहान भांड्यात काढा आणि जुन्या तळावर नवे ओतू नका. गाळ बसावा म्हणून काही जण काचेची बाटली उन्हात ठेवतात, तेही सोडा. लोणच्याची बरणी आजी उन्हात ठेवायची खरी, पण ती चिनी मातीची असे, आत उजेड शिरत नसे!

आणखी एक. अवजारांच्या दांड्यांना जवसाचे तेल चोळलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवा घेताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडके मोकळे पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.