‘शी, टाक ते!’ म्हणण्याआधी

रस्त्यावरचं चकचकीत वेष्टन तीन-चार वर्षांच्या मुलानं उचललं की मोठ्यांच्या तोंडून आपसूक निघतं, ‘शी! टाक ते!’ त्यामागे काळजीच असते. पण मूल त्यातून दोन गोष्टी शिकतं. हातातलं रस्त्यावर टाकलं तरी चालतं, आणि कचरा उचलणं हे आपलं काम नव्हे. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. सफाईचं काम आपण शतकानुशतकं ठरावीक जातींवर लादलं आणि ते करणाऱ्यांनाच अस्वच्छ ठरवलं. ही शिकवण पुस्तकातून येत नाही, अशा सहज उद्गारांतूनच पुढच्या पिढीत झिरपते. म्हणूनच ‘हे आपलं काम नाही’ हे मुलाच्या मनात पक्कं होण्याआधीच त्याला सोबत घेऊन कचरा उचलायला हवा. गाडगेबाबा आधी खराट्यानं गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. मुलांच्या बाबतीतही हाच क्रम योग्य आहे.

‘आज उचललं, उद्या पुन्हा पडेल, मग उपयोग काय?’ हा आक्षेप नेहमीचा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाड्यांच्या काचेवर पत्रकं अडकवून ठेवली होती. वाहनतळ आधीच घाण असेल तर ती खाली टाकून देणारे जास्त निघाले, स्वच्छ असेल तर कमी. म्हणजे साफ केलेला कोपरा पुढच्या माणसाचा हात थोडा तरी आवरतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी 2015 मध्ये सफाई सुरू केली. 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. तिथेही कचरा पुन्हापुन्हा येतच होता, माणसंही पुन्हापुन्हा जात राहिली. शिवाय मुलांची नजर जमिनीजवळ असते. दुधाच्या पिशवीचा कापलेला इवलासा कोपरा आपल्याला दिसतही नाही, झाडूच्या काड्यांतूनही निसटतो. तो मुलाला दिसतो. दोन-चार वेळा उचलल्यावर, घरी पिशवी कापताना कोपरा तिलाच लटकता का ठेवायचा, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

सुरक्षिततेची शंका मात्र रास्त आहे. काच, सुई, ब्लेड, वापरलेले पॅड यांना मुलांनी हात लावायचा नाही, ते मोठ्यांनी उचलायचं. मुलाच्या हातात चिमटा आणि हातमोजे हवेत, जागा रहदारीपासून दूर हवी, वेळ पंधरा-वीस मिनिटांची, आणि शेवटी साबणानं हात धुणं. ‘हे महापालिकेचं काम आहे, त्यासाठीच कर भरतो’ हेही खरंच. कचरापेटी आणि नियमित घंटागाडी मागायचा हक्क कचरा उचलल्यानं कमी होत नाही. उलट नेमकं कुठे काय साचतं हे ठाऊक असलेल्याची तक्रार अधिक पक्की असते. वेष्टनं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची जबाबदारीही मुलांच्या डोक्यावर टाकायची नाही. मुलांनी गाव स्वच्छ करावं, ही अपेक्षाच नाही. त्यांच्या मनात कामाची शिसारी आणि ते करणाऱ्याविषयी तुच्छता रुजू नये, एवढंच हवं आहे. त्याची सुरुवात ‘शी, टाक ते’ऐवजी ‘थांब, चिमट्यानं उचलू’ म्हणण्यापासून होते.