भयाचे ओझे उतरवावे, लादू नये

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार पत्करली, ही हकीकत बीड जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. युद्ध पाच दिवसांत आटोपले; परंतु भय पाच दिवसांचे नव्हते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा बीड निजामाच्याच अमलाखाली राहिले, आणि पुढील तेरा महिने कासीम रझवीच्या रझाकारांची धाड कोणत्या रात्री येईल या धास्तीत खेड्यांनी काढले. ज्यांना शक्य होते ते सरहद्द ओलांडून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गेले.

ज्यांना गाव सोडणे कठीण होते, त्यांत आपले वाडवडील होते. वेशीवर पहारा देणे, टपाल पोहोचविणे, अंमलदारास वाट दाखविणे ही रूढीने महाराची कामे. वेशीवरचा माणूस धाडीच्या तोंडी प्रथम सापडणार, आणि अंमलदारास वाट दाखविली म्हणून गावाचा संशयही प्रथम त्याच्यावरच जाणार! भ्यालेल्या माणसास आश्रयाचे आमिष लवकर भुलविते. हैदराबादेतील अस्पृश्यांचे काही पुढारी निजामाच्या बाजूस गेलेही. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्येच बजावले होते की, हिंदूंनी कितीही जुलूम केला तरी आपली चळवळ स्वातंत्र्याची आहे. तिला निजामाची पाठराखण करता येणार नाही.

फौजा आल्या म्हणून भय संपले काय? नाही, त्याने केवळ घर बदलले. पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात बीडसह अनेक जिल्ह्यांत मुसलमानांच्या हत्या झाल्याची नोंद आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात, एके ठिकाणी हिंदू विणकरांनी स्वतः झळ सोसून मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याचेही नमूद आहे. ज्यांनी एकच धंदा केला, एकच हलाखी सोसली, त्यांनी अफवेपेक्षा शेजाऱ्याची ओळख खरी मानली.

आजही युद्धाची वार्ता येताच अफवा उठतात आणि संशयाचे बोट दुबळ्या घराकडे वळते. ते बोट पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे रोखलेले होते. त्याची धार आपल्याइतकी कोणास ठाऊक? म्हणून अफवा ऐकाल तेथेच तिला थांबवा. धमकी आलेल्या घरास एकटे सोडू नका. त्याची तक्रार लेखी नोंदविण्यास सोबत जा. आपल्या पाठीवरील भय शेजाऱ्याच्या पाठीवर टाकणे ही निर्भयता नव्हे. दोघांच्याही पाठीवरून ते उतरविणे, हीच निर्भयता होय.